हरणांची ओळख व पिकाची राखण

रात्रींतून तुरीचे किंवा हरभऱ्याचे शेंडे नाहींसे झाले, कीं 'हरणांनीं पीक खाल्लें' असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु राखण कोणापासून करावयाची हेंच नीट ठाऊक नसेल, तर जागरणाचे कष्ट फुकट जातात. म्हणून या जनावरांविषयीं चार गोष्टी आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्यांस आपण सरसकट हरीण म्हणतों, त्यांत दोन निराळीं कुळें आहेत. चितळ, सांबर व भेकर हीं एका कुळांतलीं. त्यांच्या नरांचीं शिंगें भरीव हाडाचीं व फांटे असलेलीं असून बहुधा दरवर्षीं गळून नवीं येतात. वाढत असतां त्यांवर मखमलीसारखें कातडें असतें. काळवीट हा गाई-शेळ्यांच्या कुळांतला. त्याचीं पिळदार शिंगें जन्मभर टिकतात.

राहणीही निराळी. चितळांचे कळप पाण्याच्या आसपास राहून पहाटे व सायंकाळीं चरतात. सांबर आपल्या देशांतील हरणांत सर्वांत मोठें. नर २०० किलोहूनही अधिक भरतो. तें दिवसां दाट झाडींत राहून रात्रीं बाहेर पडतें. भेकर लहान व एकलकोंडें. भ्यालें कीं कुत्र्यासारखें भुंकतें. काळवीट उघड्या माळावरचा. तो दिवसांही चरतो. त्याच्यासाठीं कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं अभयारण्य झालें. अर्थात् सांबराच्या रानालगत मध्यरात्रीची, तर चितळांच्या वाटेवर तिन्हीसांजेची व पहाटेची राखण अधिक उपयोगी.

चोर ओळखण्याची खूणही सोपी आहे. गुरांप्रमाणेंच या जनावरांस वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. म्हणून शेंडा ओढून तोडलेला व फाटका दिसतो. सशानें खाल्लेला शेंडा सुरीनें तिरपा कापल्यासारखा असतो. डुकरानें जमीन उकरलेली असते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें या जनावरांस विनापरवाना मारणें किंवा फांसा लावणें गुन्हा आहे. कुंपणांत घरची वीज सोडणें तर त्याहून घातक. त्या तारेला आपलाच बैल किंवा शेजारीही बळी पडतो. त्यापेक्षां नुकसान दिसतांच खुणा मोडूं न देतां वनखात्याकडे अर्ज करावा. पंचनाम्यानंतर भरपाईची तरतूद आपल्या राज्यांत आहे. आणि त्या वेळीं कोणत्या जनावरानें काय खाल्लें हें ज्यास खुणेनिशीं दाखवितां येईल, त्याचें म्हणणें अधिक बळकट ठरेल.