विश्लेषण : १९७१ च्या युद्धात ‘गाझी’च का आली?

३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘पीएनएस गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. आतील ९३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका तिचे लक्ष्य होती.

‘गाझी’च का?
पाकिस्तानकडे फ्रेंच बनावटीच्या नव्या ‘डॅफ्ने’ पाणबुड्या होत्या, पण त्यांचा पल्ला कमी. कराचीहून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात दबा धरणे ‘गाझी’लाच शक्य होते. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात बांधलेली ही ‘टेंच’ वर्गातील पाणबुडी. मूळ नाव ‘डायब्लो’. लांबी सुमारे ९५ मीटर, पल्ला सुमारे ११ हजार सागरी मैल.

मर्यादा काय होती?
हा पल्ला डिझेलवरचा. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले, तीही जेमतेम दोन दिवस आणि अगदी संथ. चार्जिंगसाठी डिझेल इंजिन सुरू करायचे, तर हवेसाठी वर येणे भाग.

बुडाली कशी?
भारताच्या मते, ‘आयएनएस राजपूत’ने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे, पाकिस्तानच्या मते, अपघाती स्फोटाने. ‘विक्रांत’ मात्र तेव्हा तिथे नव्हतीच. तिला आधीच अंदमानकडे हलवून, ती विशाखापट्टणमलाच असल्याचे भासवणारे रेडिओ संदेश नौदलाने सोडले होते.