अंगणातील बालशिक्षण आणि हातातील मोबाइल

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होऊ लागले, की जालना जिल्ह्याच्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा आदी तालुक्यांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. त्यांच्यासमवेत तीन ते सहा वर्षे वयाची बालकेही जातात आणि गावच्या अंगणवाडीशी असलेला त्यांचा संबंध काही महिन्यांपुरता तुटतो. कुटुंबाचा मोबाइल मात्र त्यांच्याबरोबर जातो. त्यामुळे बालशिक्षणाच्या अ‍ॅपचा प्रश्न आता केवळ शहरी पालकांचा राहिलेला नाही. या साधनाने बालक खरोखर शिकते काय, आणि शिकत असेल तर कोणत्या अटींवर, याचा विचार ग्रामीण भागातही होणे अगत्याचे आहे.

अंगणवाडीमागील विचार

श्रीमती ताराबाई मोडक व श्रीमती अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे कोसबाड येथे आदिवासी बालकांमध्ये ते विस्तारले. बालके बालवाडीत येऊ शकत नसतील, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात गेले पाहिजे, हा त्या कार्यातील महत्त्वाचा विचार होता. महागडी साधने परवडणारी नव्हती; म्हणून पाने, बिया, शिंपले, माती अशा परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे रूप देण्यात आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला. मोबाइलच्या उपयुक्ततेची पारखही याच कसोटीवर करावयास हवी. तो बालकाच्या अंगणापर्यंत पोहोचतो, हे खरे; परंतु तेथे पोहोचून तो काय करतो, हे महत्त्वाचे आहे.

पडद्याचे सामर्थ्य व मर्यादा

या वयातील बालक हाताने, नाकाने, कानाने आणि मुख्यतः संभाषणातून शिकते. पडद्यावरील मोसंबीला रंग असतो. वास आणि वजन नसते. तीच मोसंबी सोलून फोडी मोजल्या, की संख्या, आकार व चव यांचा परिचय एकदमच घडतो. काचेवर बोट फिरवून अक्षराचे वळण ओळखता येते; तथापि लेखणी धरण्याचे बळ बोटांना येते ते कणीक मळण्याने, मणी ओवण्याने आणि शेंगा सोलण्याने. अगदी लहान बालके समोरच्या व्यक्तीकडून जितक्या सहजतेने शिकतात, तितक्या सहजतेने पडद्यावरून शिकत नाहीत, असे अभ्यासकांना आढळून आले आहे. जवळ बसलेली वडीलधारी व्यक्ती बोलत राहिली, तर ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

भाषेचाही विचार करावा लागतो. तांड्यावरील बालकाची घरची बोली बंजारा असते; जालना शहरातील काही बालके घरी उर्दू किंवा दखनी बोलतात. अ‍ॅपमधील प्रमाण मराठी शब्द बालकाच्या बोलीशी जोडून देणे हे काम आई, आजी किंवा अंगणवाडी सेविकाच करू शकते.

मोठ्यांच्या हाती साधन

सबब उत्तम अ‍ॅप ते, जे बालकाला गुंतवून ठेवण्याऐवजी मोठ्यांना मार्ग दाखविते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन वर्षांपासूनच्या शिक्षणाला पायाभूत टप्प्यात स्थान दिले. त्यानुसार २० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रपट्ट्या व गोष्टींचा संच सादर झाला आणि २०२४ मध्ये त्याचे ई-रूप आले. त्यात पालक व शिक्षक यांच्यासाठी स्वतंत्र साहाय्यक आहेत, ही बाब लक्षणीय आहे.

२०२१ मध्ये आलेले ‘पोषण ट्रॅकर’ हे शिकविण्याचे अ‍ॅप नव्हे. ते लाभार्थ्यांची उपस्थिती, वजन, उंची व आहार यांच्या नोंदीचे साधन आहे. मात्र स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करण्याची सोय त्यात आहे. ऊसतोडीला निघण्यापूर्वी पालकांनी सेविकेला मुक्कामाचे ठिकाण कळविल्यास बालकाचा आहार व शिक्षण पुढे चालू राहण्याचा मार्ग सुकर होतो.

निवड करताना

अ‍ॅप मराठीत असावे आणि उच्चार स्पष्ट असावेत. ते इंटरनेटविना चालावे. कारण फडावर जोडणी मिळेलच असे नाही. त्यात जाहिराती वा खरेदीची आमिषे नसावीत. गोष्ट संपली की ते थांबावे; पुढची चित्रफीत आपोआप सुरू करणारे अ‍ॅप टाळावे. बालकाचे छायाचित्र, ठिकाण किंवा संपर्कयादी मागणाऱ्या अ‍ॅपला परवानगी देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात बालकांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची आणि बालकांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना प्रतिबंधाची तरतूद आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या बालकाने दिवसात एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये. त्याहून कमी वेळ अधिक चांगला. दोन वर्षांखालील बालकाला पडदा दाखवूच नये. रडणे थांबविण्यासाठी किंवा घास भरविण्यासाठी मोबाइल देण्याची सवय या दृष्टीने हानिकारक आहे.

दिवसभराच्या तोडणीनंतर कोपीवर परतलेल्या मातेकडे वेळ थोडा असतो, याची जाणीव ठेवूनच अपेक्षा बाळगली पाहिजे. भाकरी थापता थापता एक गोष्ट ऐकावी, त्यातील प्राणी कोण ते बालकाला विचारावे, ज्वारीचे दहा दाणे मोजावयास द्यावेत, एवढेही पुरेसे आहे. गावच्या सेविकेने अशी एक छोटी कृती आवाजी संदेशाने पाठविली, तर दूरच्या फडावरील बालकाचे अंगणवाडीशी असलेले नाते टिकून राहील आणि हंगाम संपवून ते गावी परतेल, तेव्हा अंगणवाडीचा उंबरठा त्याला परका वाटणार नाही.