डोंगरवाटेची खुर्ची

नाशिक जिल्ह्याच्या वायव्येस, गुजरातच्या सरहद्दीला खेटून असलेला सुरगाणा तालुका हे एके काळचे छोटे संस्थान. सह्याद्रीच्या उतारांवर, नागली-वरईच्या माळांत नि भाताच्या खाचरांत विखुरलेल्या या मुलखातल्या पाड्यांपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट मुरुमाची, दगडगोट्यांची आणि पावसाळ्यात निव्वळ चिखलाची असते. येथील कमरेखालचे बळ गेलेल्या इसमाला दाखले-अर्जांचे सोपस्कार उरकून शिबिरात चाकाची खुर्ची मिळते खरी. परंतु ती ज्या जमिनीसाठी घडविली, ती जमीन त्याला बहुधा रुग्णालयाच्या फरशीवरच भेटते.

दोष देणाऱ्याचा नव्हे, नमुन्याचा आहे. नळ्यांची घडीची खुर्ची एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या दोघा अमेरिकनांनी १९३३ च्या सुमारास मोटारीत घालून नेता यावी म्हणून रचली. सुरगाण्याच्या बांधाचा विचार त्यांनी कशाला करावा? आपल्याकडची हाताने फिरवायची तीनचाकी सायकल सडकेवर बरी धावते, पण उंबऱ्याशी तिचे राज्य संपते.

या पेचातून वाट काढणाऱ्यांत अमेरिकेतील एमआयटीचे अभियंते एमॉस विंटर यांचा उल्लेख अगत्याचा आहे. विद्यार्थिदशेत, २००५ साली, टांझानियातील अपंगांच्या गरजा पाहून परतल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसह जी खुर्ची सिद्ध केली, तिचे सारे मर्म दोन उभ्या तरफांत आहे. तरफ पुढे रेटली की साखळीच्या योगे चाक फिरते. मूठ वर धरली तर भुजा लांबून जोर वाढतो आणि चढ किंवा चिखल ओलांडता येतो, खाली धरली तर जोर घटून वेग येतो. तरफ मागे ओढली की खुर्ची थांबते. सायकलीत जे काम महागडे गिअर करतात ते येथे माणसाचा हातच, केवळ जागा बदलून, करतो. एवढ्या साधेपणाला मी तरी प्रतिभाच म्हणेन. घरात शिरताना तरफा उपसून ठेवल्या की उरते ती नेहमीची खुर्ची.

त्याहूनही अधिक शहाणपण सुट्या भागांच्या निवडीत आहे. साखळी, फ्रीव्हील ही सारी सायकलीची. म्हणजे मोडतोड झाल्यास कारागीर परमुलखातून आणावयास नको, बाजाराच्या गावातला पंक्चरवाला पुरेसा. पूर्व आफ्रिकेतील पहिल्या चाचणीत मात्र वापरणाऱ्यांनी स्पष्ट बजावले की ही घरात रुंद पडते आणि जडही आहे. त्यांचे ऐकूनच ती अरुंद व हलकी करण्यात आली. हिंदुस्थानात या कामी जयपूर फूटमुळे विख्यात झालेल्या, १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे साहाय्य लाभले. गंमत अशी की, गरीब देशांसाठी जन्मलेल्या या कल्पनेची अमेरिकेतील आवृत्ती तेथे काही हजार डॉलरांना विकली जाते!

ही खुर्ची पायऱ्या चढत नाही, आणि पुराने भरलेल्या ओहोळापुढे तिचाही इलाज चालत नाही. या मर्यादा मान्य; पण अपंगांसाठी साधने पुरविण्याचे काम महाराष्ट्राला परके नाही: पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे. तेव्हा डोंगरी तालुक्यांत खुर्च्या वाटणाऱ्या धर्मादाय संस्थांस आणि सरकारी कचेऱ्यांस एवढीच विनंती, की खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी नमुन्याची एक खुर्ची भर श्रावणात एखाद्या पाड्यावर न्यावी, तेथील अपंग माणसाला ती चालवू द्यावी आणि त्याचा अभिप्राय दफ्तरी नोंदवून घ्यावा.