नकलेतून चित्रकला

परीक्षेत नक्कल करणे वाईट, हे तुम्ही जाणता. पण चित्रकलेत थोर कलावंताच्या चित्राची नक्कल करणे हा शिकण्याचा जुना मार्ग आहे. खुद्द रेम्ब्रांट या डच चित्रकाराने मुघल चित्रांवरून रेखाटने केली होती. त्यांत शहाजहानचेही चित्र आहे.

बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रंगांचे कारखाने आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेल. रंगाची बारीक पूड अळशीच्या तेलात घोटली की तैलरंग तयार होतो. तो सावकाश वाळतो. म्हणून चित्रकाराला छटा एकमेकींत मिसळायला वेळ मिळतो.

सतराव्या शतकात युरोपात बरोक शैली बहरली. या शैलीच्या चित्रांत माणसांची गर्दी, हालचाल आणि उजेड-अंधाराचा खेळ दिसतो. रेम्ब्रांटचे १६४२ सालचे 'रात्रीचा पहारा' हे असेच चित्र आहे. काळ्या पोशाखातला कप्तान, शेजारी पिवळसर पोशाखातला त्याचा सहकारी आणि मागे शस्त्रे घेतलेली माणसे! एवढी गर्दी कशी उतरवायची?

तुमच्या पालघर जिल्ह्यातील वारली चित्रे आठवा. दोन त्रिकोण जोडले की माणूस उभा राहतो. इथेही आधी असे सोपे आकार शोधा. डोळे किलकिले करून पाहा. बारकावे पुसट होतील आणि उजेड-अंधाराचे मोठे भाग तेवढे दिसतील. मग छापील चित्रावर आणि कॅनव्हासवर सारख्याच संख्येचे चौकोन आखा. एकेका चौकोनातील रेषा उतरवा. नंतर पातळ तपकिरी रंगाने सावल्या भरा. एकच चेहरा आधी पुरा करू नका. सगळे चित्र बरोबरीने पुढे न्या. खालचे थर पातळ ठेवा. वरच्या थरांत तेल अधिक असावे, नाहीतर रंगाला भेगा पडतात. सर्वांत उजळ जागा शेवटी रंगवा. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवा.

चित्र पुरे झाल्यावर 'रेम्ब्रांटच्या चित्रावरून' असे लिहून आपले नाव घाला. मूळ चित्र म्हणून नक्कल खपवणे ही फसवणूक आहे.

प्रामाणिक नक्कल कधी कधी मोठे काम करते. १७१५ मध्ये 'रात्रीचा पहारा' नव्या जागी बसावे म्हणून चारही बाजूंनी कापले गेले. कापलेले तुकडे हरवले. पण त्याआधी लुंडेन्स या चित्रकाराने त्याची लहान नक्कल केली होती. तिच्याच आधारे २०२१ मध्ये हरवलेले भाग पुन्हा तयार करून दाखवण्यात आले.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला तैलरंगांत केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. नकला लंडनला पाठवल्या गेल्या. १८८५ च्या आगीत त्यांतील अनेक जळाल्या. उरलेल्या आजही तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. अजिंठ्याची मूळ चित्रे पुढे झिजत गेली, म्हणून अभ्यासकांना या नकला मोलाच्या वाटतात.

छापील चित्रात रंगांचे थर दिसत नाहीत. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेली युरोपीय तैलचित्रे पाहा. रंग कुठे जाड आहे, कुठे पातळ, हे जवळून नीट न्याहाळा आणि वहीत टिपून घ्या.