टाळूचा सुगंध

वर्ध्यालगतचें पिपरी मेघे असो वा पुणें, बारशास जमलेल्या वडीलधाऱ्यांस बाळाची टाळू हुंगण्याचा मोह आवरत नाहीं. या मोहास शास्त्राधारही आहे. प्रवासाहून परतलेल्या पित्यानें पुत्राचें मस्तक तीनदां हुंगावें, असें आश्वलायनगृह्यसूत्र सांगतें. दोन दिवसांच्या अर्भकांच्या अंगगंधानें स्त्रियांच्या मेंदूंतील सुखकेंद्रें जागृत होतात, असें २०१३ सालीं संशोधकांसही आढळलें. परंतु नवजात बाळास संसर्ग चटकन जडतो, आणि सासरच्या वडील मंडळींस ‘नको’ म्हणणें बाळंतिणीस जड जातें. म्हणून मर्यादा ज्येष्ठांनींच पाळावी. पडसें असल्यास दूर राहावें. एरवीं हात धुवावे, आईस विचारावें आणि मुका न घेतां केवळ टाळू हुंगावी. सूनबाईंवर नकार देण्याचा प्रसंगच येऊं न देणें, यांतच खरें वडीलपण आहे.