पॉम्पेईला जाल तेव्हा आधी चूल बघा

मैत्रिणींनो, युरोपच्या सहलीचं पत्रक हातात आलं की त्यात इटलीच्या पानावर पॉम्पेईचं नाव बहुधा असतंच. नेपल्सला मुक्काम, आणि सकाळी बसने निघून दुपारच्या जेवणापर्यंत परत. हल्ली आपल्या गावांतूनही अशा सहलींना जाणाऱ्या भगिनी पुष्कळ झाल्या आहेत. कुणी मुलाकडे परदेशी जाते आणि जोडून चार देश बघून येते, कुणी नवराबायको दहा वर्षं पैसे साठवून एकदाच जातात. पण पॉम्पेईचं नाव निघालं की बसमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पडक्या भिंती काय बघायच्या? तुम्ही जाऊन या, आम्ही सामान सांभाळतो."

कृपा करून असं म्हणू नका. राजवाडे नि किल्ले पुरुषांसाठी असतील तर असोत, हे गाव मात्र आपलं आहे. इथं जे शिल्लक राहिलं ते घरकाम! चूल, जातं, पाव, पाण्याचा हौद, धुण्याची टाकी. एरवी इतिहासाच्या पुस्तकात ज्याला एक ओळसुद्धा मिळत नाही, ते सगळं इथं राखेखाली जसंच्या तसं राहिलं.

काय घडलं होतं?

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, म्हणून थोडक्यात सांगते. पॉम्पेई हे रोमन साम्राज्यातलं दहाएक हजार वस्तीचं, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढं शहर. जवळच व्हेसुव्हियस नावाचा डोंगर. इसवी सन ७९ मध्ये त्याचा स्फोट झाला. दुपारच्या सुमारास सुरुवात झाली आणि रात्रभर हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला. छपरं त्या भाराने खचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट गावावरून गेले आणि सगळं संपलं. ही तारीख आजवर २४ ऑगस्ट सांगत आले. पण २०१८ साली एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला १७ ऑक्टोबरचा मजकूर सापडला, तेव्हापासून बरेच अभ्यासक हा स्फोट शरद ऋतूतला मानतात.

१७४८ पासून तिथं खोदकाम चालू आहे. सुमारे ६६ हेक्टरांपैकी एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच आहे. म्हणजे जे आज पाहू, त्यात आपल्या लेकीसुनांच्या काळात भर पडलेली असेल.

अर्ध्या दिवसाचा हिशेब

नेपल्सहून पॉम्पेई सुमारे २५ किलोमीटर. बस पोहोचायला, तिकिटं व्हायला वेळ जातो, तेव्हा प्रत्यक्ष गावात हिंडायला दोन-अडीच तासच मिळतात. तेवढ्यात सगळं पाहायचं म्हटलं तर काहीच पाहून होत नाही. म्हणून घरूनच चार ठिकाणं ठरवून जा.

तयारीच्या दोन-चार गोष्टी लक्षात ठेवा. रस्ते मोठमोठ्या काळ्या दगडांचे आणि झिजून गुळगुळीत झालेले आहेत. साडी नेसा की सलवार-कमीज घाला, पायांत मात्र पकड असलेले बूटच हवेत. सावली फार थोडी, तेव्हा टोपी किंवा छत्री हवीच. पाण्याची रिकामी बाटली जवळ ठेवा, आत भरून घेता येते. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजारच माणसं आत सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. आणि हो, आत शिरण्याआधी स्वच्छतागृहाला जाऊन या. आत ती थोडी आणि लांबलांब आहेत.

पहिलं ठिकाण: भटारखाना

आमच्या सहलीत बत्तीसजण होते आणि वाटाड्या भराभर चालणारा. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखरे. चौकातून पुढे निघालो तशा त्या म्हणाल्या, "तू जा गं त्यांच्याबरोबर, मी इथं दगडावर बसते." मी काही गेले नाही. ह्यांना मंडळींबरोबर पाठवलं आणि आम्ही दोघी हात धरून सावकाश चालत राहिलो. त्यामुळे एका जुन्या पावाच्या भट्टीपाशी आम्हांला निवांत थांबायला मिळालं.

विटांची घुमटाकार भट्टी, आणि तिच्यापुढे पुरुषभर उंचीची दगडी जाती. आकार डमरूसारखा. सासूबाईंनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बाईमाणसानं ओढायचं जातं नव्हे. ह्याला जनावर जुंपत असणार, घाण्यासारखं." अगदी बरोबर! खालचा दगड सुळक्याचा, वरचा पोकळ, त्याच्या खोबणीत लाकडी दांडा अडकवून गाढव गोल फिरवत. लहानपणी पहाटे उठून जात्यावर बसलेल्या बाईला ते सांगायला वाटाड्या लागला नाही.

१८६२ साली एका भट्टीत ८१ पाव सापडले, जळून कोळसा झालेले, पण आकार शाबूत. गोल, वरून आठ भाग पाडलेले, म्हणजे मोडून वाढायला सोपे. त्या दिवशी भट्टीत ते कुणी लावले असतील? २०२३ साली अशीच एक भट्टी उजेडात आली. तिच्या खिडक्या लहान, लोखंडी गज लावलेल्या, आणि बाहेर जायची वाट फक्त घराच्या आतून. डोळे बांधलेली गाढवं आणि गुलाम माणसं तिथं कोंडून दळण करीत, असं संशोधक म्हणतात. आपण म्हणतो, वा, काय सुरेख पाव! पण तो खाणाऱ्याच्या घराला चित्रं होती आणि दळणाऱ्याच्या खिडकीला गज होते.

दुसरं ठिकाण: श्रीमंताचं स्वयंपाकघर

चौकापासून जवळच व्हेट्टी बंधूंचं घर आहे. बऱ्याच वर्षांच्या दुरुस्तीनंतर ते २०२३ मध्ये पुन्हा खुलं झालं. हे दोघे भाऊ बहुधा पूर्वीचे गुलामच. सुटका झाल्यावर व्यापारात पैसा मिळवला. पुढची दालनं पाहून डोळे दिपतात. तांबडाभडक रंग, देवदेवता, फुलापानांच्या नक्ष्या, मधोमध बाग आणि कारंजी. सगळी गर्दी तिथंच असते.

तुम्ही मात्र स्वयंपाकघर विचारा. ते आत, बाजूच्या लहानशा अंगणाला लागून, काळोखात आहे. विटांचा कट्टा, अगदी आपल्या ओट्यासारखा. त्यावर निखारे पसरायचे आणि तिवईवर भांडं ठेवायचं. इथली पितळी-काशाची भांडी चुलीवर तशीच सापडली होती. पॉम्पेईतल्या पुष्कळ घरांत शौचकूप स्वयंपाकघरातच किंवा अगदी शेजारी असे, हे ऐकून आमच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला! धूर जायला नीट वाट नाही, भिंतीला रंग नाही. पाहुण्यांसाठी दिवाणखाना उजळायचा आणि रांधणारीला अंधारी खोली द्यायची, ही रीत काही आपल्याकडचीच नाही बरं का.

त्या अंगणात मात्र एक देवळी आहे. त्यात घराचे रक्षक देव रंगवलेले आणि खाली वेटोळ्यांचा मोठा साप. घराची राखण करणारा, शुभ मानलेला. नागपंचमीला पाटावर नाग काढणाऱ्या आपल्याला ते समजायला वेळ लागत नाही. सासूबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

तिसरं ठिकाण: रस्ता

मुख्य रस्त्यावरून चालताना खाली बघा. मधोमध उंच दगड ठेवलेत. पावसात पाय न भिजता रस्ता ओलांडायला, आणि गाड्यांची चाकं जातील एवढी फट राखून. कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याचे दगडी हौद. तोटीपाशी वाकून पाणी पिणाऱ्यांच्या हातांनी त्यांच्या कडा झिजल्या आहेत. त्या खळग्यावर आपला हात अगदी बरोबर बसतो. अंगावर काटा येतो हो!

वाटेत खाण्याची दुकानं लागतात. ओट्यात रांजण बसवलेले, त्यातून आयतं अन्न विकायचं. २०२० साली सापडलेल्या अशा एका दुकानाच्या रांजणांत बदक, डुक्कर, शेळी, मासे आणि गोगलगायींचे अवशेष निघाले. शाकाहारी मंडळींनी नुसतं पाहावं! स्टेफानुसचं धुलाईघरही याच रस्त्यावर आहे. तिथं टाक्यांत उभं राहून कपडे पायांनी तुडवीत, आणि मळ काढायला शिळं मूत्र वापरीत, कारण त्यातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटतो.

आणि बायकांची नावंही शोधा. धुलाईवाल्यांनी जिचा पुतळा उभारला ती युमाकिया. ती सार्वजनिक पुजारीण होती आणि चौकातली भली मोठी इमारत तिने बांधवली. खाण्याच्या दुकानावर जिचं नाव निवडणुकीच्या मजकुरात रंगवलेलं सापडलं ती असेलिना. त्या बायकांना मत देण्याचा हक्क नव्हता, पण अमुक उमेदवाराला निवडा असं भिंतीवर लिहून घ्यायला त्या कचरल्या नाहीत.

चौथं ठिकाण: माणसं

हे पाहायला मन घट्ट करावं लागतं. राखेत दबलेल्या देहांच्या जागी पोकळ्या राहिल्या होत्या. १८६३ मध्ये फिओरेल्ली नावाच्या पुराणवस्तुशास्त्रज्ञाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं, आणि माणसं पुन्हा दिसली. तोंडावर हात घेतलेली, मूल कवटाळलेली.

त्यांतल्या एका जोडीला लोक वर्षानुवर्षं आई आणि लेकरू म्हणत आले. मांडीवर मूल आणि हातात सोन्याचं कडं, मग आईच ती! २०२४ मध्ये त्यांच्या हाडांतल्या डीएनएची तपासणी झाली. कडं घातलेली व्यक्ती पुरुष निघाली, आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. मला हे वाचून वाईट वाटलं नाही, उलट भरून आलं. शेवटच्या घटकेला कुणा पुरुषाने जवळच्या पोराला पोटाशी धरलं. माया फक्त आईच्याच वाट्याला का द्यायची?

त्याच दिवसांची आणखी एक हकिगत धाकट्या प्लिनी नावाच्या लेखकाने पत्रात लिहून ठेवली आहे. तो तेव्हा सतरा वर्षांचा, आखाताच्या पलीकडे आईबरोबर राहत होता. राखेचा काळोख पसरू लागल्यावर आईने विनवलं, तू तरुण आहेस, पळ, माझ्यामुळे अडकू नकोस. त्याने ऐकलं नाही. तिचा हात धरून तिला चालवत नेलं. दोघंही वाचली. घरी परतल्यावर ही हकिगत मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. नुसता माझा हात दाबला.

आणि आपल्याकडचं एक नातं

१९३८ साली पॉम्पेईच्या एका घरात सुमारे पाव मीटर उंचीची हस्तिदंती बाई सापडली. गळ्यात हार, हातभर बांगड्या, दोन्ही बाजूंना दासी. ही भारतातून गेलेली! तिला लक्ष्मी म्हणतात, काही अभ्यासक यक्षी मानतात. आज ती नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयाच्या संग्रहात आहे. (ते मंगळवारी बंद असतं.) तिच्याशी मिळत्याजुळत्या घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. तेर म्हणजे जुनं तगर. ग्रीक भाषेतल्या एका प्राचीन व्यापारी वर्णनात त्याचं नाव आहे. आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेवाची रोमन ब्राँझमूर्ती निघाली.

म्हणजे इटलीला जाणं जमलं नाही तरी हिरमुसायचं कारण नाही. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन एस. टी.ने तेरला जा, तिथलं संग्रहालय बघा. मात्र कुठल्याही जुन्या जागी गेलात, वाडा असो, किल्ला असो की पॉम्पेई, तर दिवाणखान्यावर थांबू नका. विचारा: इथं चूल कुठं होती? पाणी कोण भरायचं? दळण कोण दळायचं, आणि त्याला उजेड किती मिळायचा? मुलांनाही हे प्रश्न विचारायला शिकवा.

आणि घरी आल्यावर हाच प्रश्न आपल्या स्वयंपाकघरालाही एकदा विचारून बघा. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना बसायला नीट जागा आहे का, मोरीवर दिवा आहे का? दोन हजार वर्षांनी कुणी उकरून पाहणार आहे म्हणून नव्हे. आज ती माणसं आपल्या घरात वावरताहेत म्हणून.