जैवप्रणाली अभियांत्रिकी

वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव आणि त्यांच्या सभोवतालची मृदा, पाणी व हवा यांच्याशी निगडित प्रश्नांना अभियांत्रिकीची तत्त्वे लागू करणारी ज्ञानशाखा. ती मुख्यतः कृषी अभियांत्रिकीतून विकसित झाली. अमेरिकेतील कृषी अभियंत्यांची संस्था १९०७ मध्ये स्थापन झाली. २००५ मध्ये तिच्या नावात ‘जैविक’ या शब्दाची भर पडली.

अभ्यासविषय : गणित, द्रायुयामिकी, ऊष्मागतिकी व पदार्थांचे बल यांच्या जोडीस जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मृदाविज्ञान व जलविज्ञान हे विषय शिकविले जातात. पोलादाचे गुणधर्म ठराविक मर्यादेत स्थिर मानता येतात. सजीव द्रव्य मात्र श्वसन करते, वाढते व मरते. अभिकल्प करताना या क्रिया विचारात घ्याव्या लागतात.

धान्याची साठवण : कापणीनंतरही दाणा जिवंत असतो. श्वसनात तो ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतो. धान्य ओलसर असल्यास ही क्रिया जलद होते. तीतून निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे व ओलीमुळे बुरशी व किडी वाढतात, तापमान आणखी चढते आणि रास आतून बिघडते. म्हणून तृणधान्यांतील जलांश साधारणपणे १२ ते १४ टक्क्यांपर्यंत उतरवितात. हवा जितकी उष्ण तितके शुष्कन जलद होते. तथापि सुमारे ४३° से. पेक्षा जास्त तापमानास बियाण्यातील गर्भ मरण्याचा संभव असतो. असा दाणा बाहेरून निर्दोष दिसतो, परंतु पेरल्यावर उगवत नाही. म्हणून बियाण्याच्या शुष्ककाचा वेग यंत्राच्या क्षमतेवर नव्हे, तर गर्भाच्या सहनशक्तीवर ठरवावा लागतो.

सांडपाण्याचे शुद्धीकरण : मँचेस्टर येथील एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये सक्रियित गाळ प्रक्रिया मांडली. तीत टाकीतील सांडपाण्यात हवा सोडून ऑक्सिजीवी सूक्ष्मजंतू वाढवितात. ते सेंद्रिय द्रव्यावर उपजीविका करतात. नंतर गाळ निवळून त्याचा काही भाग पुन्हा टाकीत सोडतात. विषारी औद्योगिक द्रव्ये टाकीत शिरल्यास जंतू मरतात आणि यंत्रे चालू असूनही शुद्धीकरण मंदावते वा थांबते.

भारतातील अध्ययन : अलाहाबाद कृषी संस्थेत १९४२ मध्ये कृषी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांत या विषयाच्या शिक्षणाची सोय आहे. नागपूर येथे १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव देण्यात आले. पाणी, हवा व घन कचरा यांच्या प्रदूषणासंबंधी तेथे संशोधन चालते.